गाव खोटं आहे म्हणालीस, ते तिला लागलं

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी सेलूची, ज्युनिअर कॉलेजला इंग्लिश शिकवते. आमचा सहा जणींचा वाचनाचा ग्रुप आहे, महिन्याला एक पुस्तक आणि मग कुणाच्या तरी घरी चहा आणि चर्चा. या महिन्यात एका मैत्रिणीनं पुस्तक निवडलं, अमेरिकेतल्या छोट्या गावातली लव्हस्टोरी, हल्ली त्यांचीच चलती आहे. शहरातली पोरगी ब्रेकअप झाल्यावर आजीच्या गावी येते, तिथं एक घुम्या सुतार, गावातल्या म्हाताऱ्या दोघांचं जुळवायला टपलेल्या, शेवट गोड. मला अजिबात आवडलं नाही. गुडरीड्स या पुस्तकांच्या रिव्ह्यूच्या साइटवर एक स्टार दिला आणि लिहिलं की गावं अशी नसतात, गाव म्हणजे पाळत असते, आणि शेवटी लिहिलं की असलं वाचणाऱ्या बायकांनी एकदा खऱ्या गावात राहून बघावं. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. दोघी हसल्या, एक म्हणाली जाऊ द्या टाइमपास आहे, आणि एकीनं वेगळंच काढलं की त्यात नको ते सीन आहेत, घरात पोरींच्या हातात फोन असतो, ही पुस्तकं बंदच करा. जिनं पुस्तक निवडलं ती काहीच बोलली नाही, रात्री ग्रुप सोडला. तिचा नवरा पुण्याला कंपनीत, ती इथं सासू-सासऱ्यांजवळ, दिवसभर घरच्याच मेडिकलच्या काउंटरवर. आता भेटली की बोलते पण वरवर. मी खरं मत सांगितलं त्यात काय चुकलं? मत बदललं नाही तर मैत्री राहणारच नाही का? आणि आपल्याकडं अशा कादंबऱ्या का नाहीत?"

अगं, मत चुकलेलं नाही आणि ते बदलायचीही गरज नाही. पण तुझ्या रिव्ह्यूत शेवटची जी ओळ आहे ना, असलं वाचणाऱ्या बायकांनी खऱ्या गावात राहून बघावं, ते मत पुस्तकाबद्दल नाहीच, ते वाचणारीबद्दल आहे, आणि ती वाचणारी तुझ्याच गावात राहते. तुझ्यापेक्षा जास्त राहते असं म्हणलं तरी चालेल, कारण तू सकाळी कॉलेजला जातेस, तिथं तुला मॅडम म्हणतात, स्टाफरूममध्ये तुझी खुर्ची आहे. ती घरातून दुकानात आणि दुकानातून घरात. तिला गाव माहीत नाही असं तू पाच जणींसमोर म्हणालीस. एक स्टारचं तिला काही वाटलं नसेल, ती ओळ लागली असणार असं मला तुझं पत्र वाचल्या वाचल्या वाटलं.

आता या पुस्तकांबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण मी स्वतः ती आवडीनं वाचते आणि त्यांच्याबद्दल बोलताना लोक फार घाई करतात. सगळे हिरोबद्दल बोलतात, तो सुतार, तो फायरमन, तो घोडे पाळणारा, पण या प्रकारात खरा हिरो गाव असतं. रॉबिन कार या अमेरिकन लेखिकेची 'व्हर्जिन रिव्हर' ही कादंबरी 2007 ला आली. मेल नावाची विधवा नर्स लॉस एंजेलिस सोडून उत्तर कॅलिफोर्नियातल्या डोंगरातल्या एका गावात येते, तिथं जॅक नावाचा माजी सैनिक बार चालवतो. त्या दोघांचं जुळलं की खरं तर गोष्ट संपायला पाहिजे, पण त्या मालिकेत वीसच्या वर पुस्तकं निघाली आणि 2019 पासून नेटफ्लिक्सवर सिरीयलही आली. पुढच्या पुस्तकात दुसरी जोडी, त्याच्या पुढच्यात तिसरी, आणि मेल-जॅक मागं कुठंतरी दिसत राहतात, त्यांना लेकरं होतात, बार चालूच असतो. बहुतेक मालिकांचं असंच असतं. वाचणारी पुढचं पुस्तक घेते ती नवीन नवरदेव बघायला थोडीच, तिला त्या गावात अजून थोडं राहायचं असतं.

आणि त्या गावात असतं काय? तू लिहिलंस तेच, पाळत. सगळ्यांना सगळं माहीत. कोण कुणाच्या गाडीतून उतरलं, कुणाच्या खिडकीत रात्री लाइट होता, कुणी कुणाच्या दुकानात दोनदा कॉफी घेतली. म्हाताऱ्या पैज लावतात की यांचं कधी जुळणार. फरक एवढाच की त्या पाळतीच्या पोटात माया असते. हिरोईन आजारी पडली हे ज्या वेगानं गावात पसरतं त्याच वेगानं तिच्या दारात झाकलेली भांडी येऊन पडतात. पायरी मोडलेली असते, ती कुणाला बोललेली नसते, पण येता-जाता कुणीतरी बघितलेलं असतं आणि सकाळी उठून बघते तर हा घुम्या माणूस ठोकठाक करायलाय. बघणं तेच आहे ग, पण बघितल्यावर लोक करतात ते वेगळं आहे.

आता तुझ्या मैत्रिणीचा दिवस डोळ्यासमोर आण. मेडिकलचं काउंटर म्हणजे गावातली सगळ्यात उघडी जागा. तिला बसल्या जागी कळतं कुणाला शुगर निघाली, कोणती पोरगी मान खाली घालून प्रेग्नन्सीची किट मागायलीय, कुणाच्या घरात झोपेच्या गोळ्या जायलात. ती ते पोटात ठेवत असणार, ठेवावंच लागतं. आणि तिच्याकडं बघणारे काय करतात? नवरा किती महिन्यांनी आला हे मोजतात. आला तर राहिला किती दिवस हे मोजतात. शनिवारी रात्री स्टेशनवर कोण उतरलं, सोबत कोण होतं हे रविवारी सकाळी दूध घालणाऱ्याला माहीत असतं. पुण्यालाच का राहत नाही, लेकरू कधी, दुकानात त्या औषध कंपनीच्या एमआरशी एवढं काय बोलत होती. दिवसभर असं मोजून घेतलेली बाई रात्री दुकान बंद करून, सगळ्यांची जेवणं उरकून, फोनचा उजेड कमी करून अशा गावात जाते जिथं बघणारे डोळे तिच्या बाजूनं आहेत. तिला काय माहीत नाही का की असं गाव नसतं? माहीत आहे म्हणूनच ती वाचते. तू तिला जे सांगितलंस ते तिला काउंटरवर रोज कळतं.

आणि जी म्हणाली ना, जाऊ द्या टाइमपास आहे, तिनं तुझ्याहून जास्त दुखवलं असं माझं स्पष्ट मत आहे. तू निदान पुस्तक मनावर घेऊन वाचलंस, तावातावानं वाचलंस, वाद घातलास. टाइमपास म्हणणं म्हणजे यावर बोलण्यासारखं काही नाही असं सांगणं. जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंचं 1984 चं पुस्तक आहे, त्यांनी अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका गावात, पुस्तकात त्या गावाला त्यांनी स्मिथटन असं बदललेलं नाव दिलंय, एका पुस्तकाच्या दुकानातल्या नेहमीच्या गिऱ्हाईक बायकांना बसून विचारलं की तुम्ही या प्रेमकथा का वाचता. त्या बायका बहुतेक घर-संसार सांभाळणाऱ्या, आणि त्यांच्या बोलण्यात प्रेमाइतकंच हे यायचं की पुस्तक हातात असतं तेवढा वेळ माझा असतो, घरातले सगळे समजून असतात की आता हिला हाक मारायची नाही. सगळ्यांची काळजी घेणाऱ्या बाईची काळजी घेणारं कुणी नसतं, ते तिला पुस्तकात मिळतं. रॅडवेबाई नुसतं कौतुक करून थांबल्या नाहीत हे पण सांगते, त्यांनी हेही विचारलं की एवढा आराम मिळाल्यावर घरातली व्यवस्था बदलते का, का तशीच राहते आणि बाई फक्त ती सोसायला परत ताजी होते. हा प्रश्न मला आजही फार खरा वाटतो, आणि तुमच्या ग्रुपात तो निघाला असता तर त्या दिवशीची चर्चा कुठल्या कुठं गेली असती.

म्हणजे टीका करूच नको असं मी म्हणत नाही, उलट माझं म्हणणं आहे की तू कमी टीका केलीस. गाव असं नसतं एवढ्यावर थांबलीस. नेमकं काय नसतं ते सांग ना. मला विचारशील तर त्या पुस्तकात आणि सेलू-परतूर-मानवतमध्ये सगळ्यात मोठं अंतर आडनावाचं आहे. तिथं नवीन आलेल्या माणसाला गाव विचारतं किती दिवस राहणार, इथं पहिला प्रश्न आडनाव काय, आणि ते कळलं की पुढचं सगळं ठरूनच जातं, कुणाच्या घरी चहा आणि कुणाच्या दारातूनच परत. पोरगा-पोरगी रसवंतीवर पंधरा मिनिटं बसले तर मोंढ्यातून बापाला फोन जातो आणि फोन करणारा नाव आधी आडनावासकट सांगतो. स्पेशल मॅरेज ॲक्ट हा 1954 चा कायदा, वेगळ्या धर्माची किंवा जातीची माणसं त्याखाली लग्न करतात, त्यात दोघांच्या लग्नाची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, आणि 30 दिवस कुणालाही हरकत घेता येते. महिनाभर दोघांची नावं आणि पत्ते सरकारी बोर्डावर. आता ही खरी कादंबरीची जागा आहे, तो बोर्ड, त्याच्यासमोरून रोज जाणारे ओळखीचे लोक, कोण वाचून गप्प बसतो, कोण फोटो काढून पाठवतो, आणि एखादा कोण असतो जो त्या दोघांना स्वतःच्या घरी ठेवून घेतो. हे सगळं सोडून गोड शेवट दिला तर तुझ्यासारखी वाचणारी चिडणारच, आणि चिडावं.

तिकडच्या वाचणाऱ्याही काही गप्प बसत नाहीत बरं. त्या विचारतात की एवढ्याशा गावात बेकरी, पुस्तकाचं दुकान आणि फुलांचं दुकान चालतं कसं, या हिरोईनला भाडं द्यायला पैसे येतात कुठून, गावात सगळे गोरेच कसे, आणि शेवटाआधी एक साधी गोष्ट न बोलल्यामुळं दोघं भांडून वेगळे होतात हे दर वेळी का. त्यांची खरी छोटी गावं पण रिकामी व्हायलीत, 2020 च्या त्यांच्या जनगणनेत महानगरांबाहेरच्या भागाची एकूण लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. म्हणजे खऱ्यात पोरं गाव सोडून जायलीत आणि कादंबरीत परत यायलीत. आपल्याकडची पोरं बारावीला लातूर आणि तिथून पुणे, आणि परत येतात ती दिवाळीला. मला यात खोटेपणापेक्षा हुरहुर जास्त दिसते. कुणीतरी परत यावं असं मागं राहिलेल्यांना वाटतं, आणि तुझी मैत्रीण मागंच राहिलेली आहे.

ज्या बाई म्हणाल्या बंदच करा, त्यांना एवढंच सांग की या पुस्तकांत कशात काय आहे हे वाचणाऱ्याच एकमेकींना आधी सांगून ठेवतात, कुठलं स्पायसी, कुठल्यात खोलीचं दार लागलं की प्रकरण संपतं, तर तुम्ही तसलं निवडा. पोरींच्या हातात फोन आहे तर त्यात या पुस्तकांपेक्षा कितीतरी वाईट गोष्टी येतात, त्यावर त्यांच्याशी बोलणं हे वेगळं काम आहे आणि ते करायलाच पाहिजे. आणि मराठीला ही भांडणं नवीन नाहीत. लेखक चंद्रकांत काकोडकरांची एक कथा 1962 च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात आली होती, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि 1969 ला कोर्टानं ती अश्लील नाही असा निकाल दिला. आपल्या आया-मावश्यांनी ना. सी. फडके, काकोडकर सगळं वाचलेलं आहे, सार्वजनिक वाचनालयातून पिशवीत भाजीखाली घालून आणलेलं आहे, आणि संसारही केलेत.

आपल्याकडं का नाहीत विचारलंस, तर प्रेमाच्या गोष्टी आहेत ग, भरपूर आहेत. प्रतिलिपीवर बघ, गोष्टी लिहायचं-वाचायचं ॲप आहे, तिथं मराठीत बायका भाग-भाग करून लिहितात आणि खाली वाचणाऱ्या पुढचा भाग कधी म्हणून मागं लागतात. पण मी वाचल्या त्यातल्या कितीतरी गोष्टींत नायक मोठ्या कंपनीचा मालक आणि बंगला पुण्या-मुंबईत. सेलूच्या स्टेशनवर, जिनिंगच्या मागच्या रस्त्यावर, कोचिंग क्लासच्या सायकल स्टँडवर जे सुरू होतं आणि आडनावापाशी येऊन अडतं, ते सगळं खरं ठेवून तरी वाचणारीला आधार देणारी कादंबरी मला हवी आहे. तू चिडून जे लिहिलंस त्यात तिचा अर्धा आराखडा आहे, आणि काउंटरवर बसून तुझ्या मैत्रिणीला जे माहीत आहे त्यात उरलेला अर्धा. तुम्ही दोघींनी मिळून काही लिहावं असं मला फार वाटायलंय, पण ते नंतरचं.

आधी तिच्याकडं जा. ग्रुपवर काही टाकू नको, तिला परत ॲड करून सगळ्यांसमोर सॉरी तर मुळीच म्हणू नको, तिला त्यावर सगळ्यांसमोर इट्स ओके म्हणावं लागेल आणि विषय कायमचा बंद होईल. दुपारी दोन-अडीचला जा, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. वाईट वाटलं असेल तर माफ कर, असं पण नको, त्यात वाईट वाटून घेणं ही तिचीच चूक असल्यासारखं होतं. सरळ म्हण की मी ती शेवटची ओळ तुझा विचार न करता लिहिली, ती चुकीची होती, काढून टाकली. आणि जायच्या आधी खरंच काढ, गुडरीड्सवर रिव्ह्यू एडिट करता येतो. एक स्टार राहू दे. तो काढलास तर तिला कळेल की तू तिची समजूत काढायलीस, आणि समजूत काढलेली तिला आवडणार नाही, ती काही लहान लेकरू नाही.

मग तिला विचार, पुस्तकातलं कोणतं पान तिनं परत वाचलं. का आवडलं असं विचारू नको, त्यानं माणूस बचाव करायला लागतो. कोणतं पान विचारलं की ती फोन काढून दाखवेल, आणि तिथं तुला काय दिसतं ते तू बघ, मास्तरीण म्हणून नाही, तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून. कदाचित ते चुंबनाचं पान नसेलच, पायरी दुरुस्त केल्याचं असेल. तुला ते तरीही आवडलं नाही तर सांग, नाही पटलं म्हण, का ते पण सांग, तिला वाद घालता येतो, तू तिला संधीच दिली नाहीस. मैत्री मतं जुळण्यावर टिकते असं मला वाटत नाही, पण माझं मत हिला ऐकण्याइतकं महत्त्वाचं वाटतं हे तिला दिसायला पाहिजे, आणि तुझ्या त्या दिवशीच्या मेसेजमध्ये ते दिसलं नाही.

पुढच्या महिन्यासाठी एक सुचवते. एमिली हेन्री या अमेरिकन लेखिकेची 'बुक लव्हर्स' ही कादंबरी, 2022 ची. त्यातली नोरा न्यूयॉर्कमध्ये लेखकांची एजंट आहे, म्हणजे या कादंबऱ्यांत शहरात मागं टाकून दिली जाते ना ती कडक कपड्यातली बाई, तीच इथं नायिका आहे, आणि तिला सोडून गेलेले सगळे तशाच गोड गावातल्या पोरींच्या प्रेमात पडलेले. ती बहिणीसोबत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका छोट्या गावी येते. तुला त्यात तुझे आक्षेप सापडतील आणि तुझ्या मैत्रिणीला तिचं गाव. तिला सांग की हे ताईनं सुचवलंय, पण वाचायचं का नाही ते तूच ठरव, पुढच्या महिन्यात पुस्तक निवडायची पाळी परत तुझीच. आणि चहा या वेळी मेडिकलच्या मागच्या खोलीत ठेवा, म्हणजे तिला सासूला विचारून बाहेर पडायला नको.